वायरशार्कच्या दर्शनी रचनेतील स्थित्यंतर : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९८ ते २०१९)

प्रस्तावना :
संगणकशास्त्राचा इतिहास लिहिताना यंत्रांच्या गतीला व क्षमतेला महत्त्व दिले जाते. परंतु माणूस आणि यंत्र यांच्यामधील पडद्याचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. नेटवर्कमधून वाहणाऱ्या माहितीचे विश्लेषण करणाऱ्या 'वायरशार्क' या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे या पडद्याच्या बदलाची कारणमीमांसा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत 'टीसीपीडम्प' हे साधन तयार झाले. त्यात पॅकेटची माहिती केवळ ओळींच्या स्वरूपात दिसत असे. जेराल्ड कोम्ब्ज यांनी १९९८ मध्ये 'इथिरिअल' प्रसिद्ध केले. पॅकेटची यादी, निवडलेल्या पॅकेटचा तपशील आणि त्यातील मूळ बाइट अशी तीन भागांची मांडणी ही त्याची ओळख ठरली. कोम्ब्ज यांनी नोकरी बदलल्यावर नावाचा व्यापारचिन्ह हक्क पूर्वीच्या कंपनीकडेच राहिला. त्यामुळे २००६ मध्ये प्रकल्पाने 'वायरशार्क' हे नाव धारण केले. नाव गेले, तरी काम व कार्यकर्ते टिकले.

बदलाची कारणे :
जुना पडदा 'जीटीके' या साधनसंचावर उभा होता. लिनक्सवर तो स्वाभाविक वाटे. मॅक संगणकावर मात्र त्यासाठी 'एक्स ११' या स्वतंत्र प्रणालीची गरज भासे. २०१२ पासून ॲपलने ती आपल्या प्रणालीसोबत देणे बंद केले. परिणामी एकाच साधनाच्या वापरकर्त्यांमध्ये सोयीची विषमता निर्माण झाली. म्हणून २०१३ मध्ये 'क्यूटी' या साधनसंचाकडे वळण्याचा निर्णय जाहीर झाला.

बदलाचे स्वरूप :
नोव्हेंबर २०१५ मधील २.० आवृत्तीत नवी रचना मुख्य झाली. आरंभीच्या पानावर प्रत्येक जोडणीची हालचाल लहान आलेखाने दिसू लागली, परस्परसंबंधित पॅकेट खुणांनी जोडली गेली व इतर भाषांतील अनुवादाची सोय झाली. तीन भागांची मूळ मांडणी मात्र कायम राहिली. विशेष म्हणजे जुना पडदाही सोबत उपलब्ध ठेवण्यात आला. २०१९ च्या ३.० आवृत्तीतच तो पूर्णतः वगळला गेला.

निष्कर्ष :
सरावलेल्या हाताची सवय हेही एक प्रकारचे ज्ञानच असते. पडदा एका रात्रीत बदलला असता, तर अनेक वर्षांच्या सरावाने मिळवलेले हे ज्ञान निरुपयोगी ठरण्याचा धोका होता. जुन्या पडद्याला दिलेली सुमारे तीन वर्षांची मुदत व मूळ मांडणीचे सातत्य यांमुळे हा धोका बराच कमी झाला. विकासकांचाही यात लाभ होता. कारण दोन पडदे दीर्घकाळ सांभाळणे म्हणजे तेच काम दोनदा करणे होय. परंपरेचा गाभा राखून साधन बदलणे, हेच या स्थित्यंतराचे सार म्हणता येईल. अभ्यासक्रम असो वा ग्रंथालयाची तालिका, बदल घडवू पाहणाऱ्या शिक्षणसंस्थांनीही या उदाहरणाची नोंद घेणे उचित ठरेल.