बांध कोणी बांधला, रान कोणी केले

सोसायटी पंचवीस वर्षांची, पण तिच्याखालची जमीन जुनी. १९७० साली सिडको आली, त्याआधी उरणच्या या पट्ट्यात खारभातशेती आणि मिठागरेच. आगरी मंडळींनी बांध घालून खाडी अडवली; उघाडीतून पावसाचे पाणी सोडायचे, भरतीचे आत घ्यायचे नाही. पुढे जमिनी संपादनात गेल्या. १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. बांध राखणारे हातही पांगले.

मग काय झालं? शेताच्या बांधाला खांड पडली, तिथे भरतीबरोबर तिवराचे बी आले आणि रान माजले. मिठागराची जमीन चोपून घट्ट केलेली, मिठाने भरलेली. तिथे तिवर कडेकडेनेच धरतो, मध्ये उथळ पाणी आणि बगळे. मुरमाच्या भरावावर मात्र टाकळा नि सुबाभूळ. शेजारशेजारचे तुकडे, पण पूर्वीचा वापर वेगळा म्हणून रानही वेगळे.

हे तिवर भरतीवर जगते आणि वादळात आपल्याला आडोसा देते. भरतीची वाट बुजली की ते उभ्याउभ्या वाळते. तेव्हा मुलांनो, नाल्यात कोणी राडारोडा टाकताना दिसला तर गप्प बसू नका. आपण इथले सर्वांत नवे रहिवासी आहोत.