कोडी आणि कुंपण

बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरमच्या रेल्वेस्थानकापाशी रुळांवरून जाणारा, पोलादी तारांनी तोललेला जो पूल 2003 साली खुला झाला आणि ज्यास लोक आजही ‘हँगिंग ब्रिज’ म्हणतात, त्याच्या पायथ्याशी सप्टेंबरातील एखादी सर कोसळेपर्यंत उभे राहिले, म्हणजे पाण्याचा निचरा या नीरस विषयाच्या पोटात किती इतिहास आहे ते ध्यानात येते. कडेच्या दगडात पाणी आत घेण्यासाठी ठेवलेले वीतभर भोक डांबरावर डांबर चढत गेल्याने चार बोटे उरले आहे, आणि त्यातही नारळाची शेंडी व दुधाची रिकामी पिशवी अडकलेली. पाणी तेथवर येते, क्षणभर घुटमळते आणि शेजारच्या दुकानाच्या पायरीकडे चालू लागते.

बंगळूर हे नदीकाठचे नगर नव्हे. सुमारे 900 मीटर उंचीच्या पठाराच्या पाठीवर ते वसले असल्याने पावसाचे पाणी येथून केवळ निघून जाते. पूर्वेकडचे पाणी दक्षिण पिनाकिनीस मिळते. जाणाऱ्या या पाण्यास थांबवून घेण्यासाठी पूर्वीच्या लोकांनी खोलगट भागांत बांध घालून तळी केली, शेतीसाठी ‘तूबु’ म्हणजे मोरी ठेवली, आणि तळे भरल्यावर उरलेले पाणी वाहून जाण्यासाठी ‘कोडी’ ठेवली, जिला आपण सांडवा म्हणतो. कोडीवरून पडलेले पाणी ‘राजकालुवे’ पुढच्या तळ्यास पोहोचवी. कालुवे आणि आपला कालवा यांचे नाते उघड आहे; मात्र आपला कालवा शेताकडे जातो, तर हा अधिक झालेले पाणी शेजाऱ्याच्या स्वाधीन करावयास निघतो. मोऱ्या उघडण्या-मिटण्याचे काम नीरगंटीकडे असे व त्याबद्दल त्यास इनाम जमीन मिळे. हेब्बाळच्या खोऱ्यातील पाणी असेच तळ्यातळ्यांतून उतरत के. आर. पुरमपलीकडे, जुन्या मद्रास रस्त्यालगतच्या एले मल्लप्पा शेट्टी तळ्यात येते. विड्याच्या पानांच्या एका व्यापाऱ्याने ते बांधले असे सांगतात, आणि कानडीत ‘एले’ म्हणजे पानच.

1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले; 1687 मध्ये म्हैसूरकरांकडे जाईपर्यंत येथे भोसल्यांचा अंमल होता. त्या जहागिरीचा वसूल आभाळाइतकाच या बांधांवरही अवलंबून असला पाहिजे.

पुढे 1863 पासून म्हैसूर मुलखात जमिनीची मोजणी सुरू झाली, तीही मुंबई इलाख्याच्या धर्तीवर, म्हणजे गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात घालून दिलेल्या वळणाने. या पद्धतीत ज्या जमिनीस पीक नाही व म्हणून सारा नाही, ती ‘खराब’. आपल्या सात-बारावर पोटखराबा असतो, तशीच. ओढे, कालुवे, वाटा या सदरात गेल्या. दप्तरात या शब्दाचा अर्थ एवढाच होता. परंतु जमिनीस सोन्याचा भाव आल्यावर तोच शब्द लोकांनी निरुपयोगी या अर्थी वाचला, आणि जी पट्टी सर्वांत मोलाची तीच प्रथम भरली गेली. माझ्या मते या नगराच्या पुरांचे मूळ ढगांपेक्षा या वाचनातच अधिक आहे.

स्थापत्यशास्त्राचा येथे कसूर आहे असे मात्र म्हणवत नाही. आयरिश अभियंता मल्व्हनी याने 1851 मध्ये मांडलेले तत्त्व आजही चालते: क्षेत्र, पावसाचा वेग आणि पृष्ठभाग किती पाणी वाहू देतो याचा गुणांक, या तिहींचा गुणाकार. एक हेक्टर फरसबंद आवारावर तासास 60 मिलिमीटर वेगाने पाऊस झाला आणि दहांतील नऊ हिस्से पाणी वाहिले, तर सेकंदास 150 लिटर पाणी दारापाशी येते. तेथेच पूर्वी नाचणीचे शेत असताना त्यातले पुष्कळसे मातीत जिरून जाई. वाहनतळ आखणारा चाळिसास एक असा उतार देतो, नाली काढतो, जाळी बसवतो, आणि ते दीडशे लिटर कुंपणाबाहेर नेऊन सोडतो. हिशेब बिनचूक असतो. फक्त तो कुंपणापाशी संपतो. कोडीचा हिशेब पुढच्या तळ्याच्या काठावर संपत असे. सप्टेंबर 2022 मध्ये आउटर रिंग रोडच्या परिसरातील संगणकवाल्यांना ट्रॅक्टरमध्ये बसून कचेरी गाठावी लागली, तेव्हा अशा कित्येक बिनचूक हिशेबांची बेरीज रस्त्यावर उभी होती.

मॅजेस्टिकचे बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या पोटात आहे. मराठीत तळे आणि वाहनतळ या शब्दांत अंतर थोडे. बंगळुरात तेवढेही उरले नाही.

हरित न्यायाधिकरणाने 2016 मध्ये तळ्यांभोवती 75 मीटर व मुख्य राजकालुव्यांलगत 50 मीटर जागा मोकळी सोडण्याचा हुकूम दिला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मोजणीचे नकाशे मात्र रद्द झालेले नाहीत. के. आर. पुरमकडे जागा घेऊन जो कोणी आवार फरसबंद करणार असेल, त्याने घरपट्टीच्या पावतीबरोबर गावाचा जुना नकाशाही मागवावा आणि त्यावर ‘खराब’ कोठे लिहिले आहे तेवढे पाहून घ्यावे.