भाऊच्या धक्क्यावरून भाऊंच्या संग्रहालयात

रेवसहून लाँच सुटली की तास-दीड तासात भाऊचा धक्का येतो. मुंबई आपल्याला इतकी जवळ! तरी आपल्या गावांतील पुष्कळ भगिनींनी ती पाहिली आहे इस्पितळात, लग्नकार्यात, नाही तर मुलाच्या खोलीवर. 'पाहण्यासारखे असेल ते सारे पैसेवाल्यांचे' ही आपली समजूत. मंडळाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटले.

धक्क्याला नाव मिळाले ते लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्यावरून. १८४१ च्या सुमारास त्यांनी तो बांधला. तेथून बसने भायखळ्याला गेले की दुसरे भाऊ भेटतात, डॉ. भाऊ दाजी लाड. गोव्यातील गरीब घरचा हा मुलगा १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडला. गोरगरिबांना त्यांनी फुकट औषधपाणी केले आणि जुने शिलालेखही वाचले.

मुंबईचा पहिला वस्तुसंग्रह कोटातील बराकीत होता. १८५७ च्या धामधुमीत सैन्याला जागा हवी म्हणून तो बाहेर काढण्यात आला व पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली. पुढे जॉर्ज बर्डवूड आणि भाऊ दाजी यांनी चिटणीस या नात्याने नव्या इमारतीसाठी खटपट केली. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून अशांनी हात सैल सोडला. १८६२ साली कोनशिला बसली, परंतु मध्येच कापसाच्या धंद्याची तेजी कोसळली. अखेर २ मे १८७२ रोजी दारे उघडली. राणीच्या नावाने उभ्या राहिलेल्या या संग्रहालयाला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव मिळाले. लोकवर्गणीचा हातभार लागलेल्या या वास्तूत शिरताना आपण कोणाच्या घरी आगंतुक आलो आहोत, असे मानण्याचे कारण नाही.

संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो आपला आहे! घारापुरी आपल्या उरण तालुक्यातले बेट. तेथे धक्क्याजवळ हा हत्ती होता आणि त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ साली त्याला विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी तुटली व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आले आणि १९१४ साली पुन्हा जुळविण्यात आले. यारी तुटली नसती, तर आपल्या किनाऱ्यावरचा हत्ती पाहायला विलायतेचे भाडे भरावे लागले असते!

फुकट प्रवेशाचाही इतिहास आहे. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५९ साली विनामूल्य उघडले खरे, परंतु आधी लेखी अर्ज करून प्रवेशपत्र मिळवावे लागे. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याला त्या फुकटाचा काय उपयोग? आपल्याकडेही अडचण तिकिटापेक्षा संकोचाची अधिक असते.

मंडळाच्या काही जणी मिळून आम्ही गेलो, तेव्हा तांदळाच्या भाकऱ्या व चटणी घरूनच बांधून घेतली होती. गावदेवीच्या मणिभवनात दारात तिकीट नव्हते, देणगीपेटी होती. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत येत ते येथे उतरत. दारावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याकडून त्यांनी येथेच कापूस पिंजण्याचे पहिले धडे घेतले. ते ऐकून आमच्यातील एक वयस्क काकू म्हणाल्या, "म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालाही हाताचे काम शिकावेच लागले की!" तेथून आम्ही काळा घोडा भागात गेलो. शेजारच्या मोठ्या संग्रहालयाचे घुमट बाहेरूनच पाहिले, कारण तेथले तिकीट आमच्या बेतात बसणारे नव्हते. पण १९५२ सालापासून चालू असलेल्या जहांगीर कलादालनात कोणी पैसे मागितले नाहीत. चित्र काढणारा स्वतः तेथे बसलेला. काकूंनी त्याला सरळ विचारले, "बाळा, हे काय काढलेस?" त्यानेही आनंदाने समजावून सांगितले. दिवसभराचा मुख्य खर्च झाला तो लाँच आणि बस यांचाच.

भगिनींनो, पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना व किल्ल्यांना १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. २०२० साली ८ मार्चला, महिलादिनी, या खात्याने आपल्या साऱ्या स्थळी स्त्रियांना विनामूल्य प्रवेश दिला होता. १८ मे हा संग्रहालय दिन १९७७ पासून जगभर पाळला जातो. त्या दिवशीही अनेक ठिकाणी सवलत असते. सुट्टीचा वार व तिकिटाचा दर आधी विचारून ठेवावा, एवढेच.

माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात एक दिवस गावातील मुलींसाठी राखून ठेवावा. त्यांना आधी घारापुरीची लेणी दाखवावीत, आणि मग भायखळ्याला नेऊन तेथला आपला हत्ती दाखवावा.