'सँडिनिस्टा!' : तीन तबकड्या, छत्तीस गाणी आणि एका पंक बँडचा प्रयोग

'सँडिनिस्टा!' हा 'द क्लॅश' या ब्रिटिश पंक बँडचा चौथा अल्बम. तो १२ डिसेंबर १९८० रोजी सीबीएस कंपनीने ब्रिटनमध्ये प्रकाशित केला. तीन दीर्घवादन तबकड्या, सहा बाजू, प्रत्येक बाजूवर सहा याप्रमाणे छत्तीस गाणी आणि सुमारे १४४ मिनिटांचे संगीत असा त्याचा विस्तार आहे. तीन मिनिटांची वेगवान गाणी आणि मोजकी वाद्ये ही ज्या संगीतप्रवाहाची ओळख होती, त्यातील एका अग्रगण्य बँडने रेगे, डब, रॅप, फंक, डिस्को, गॉस्पेल, जाझ, कॅलिप्सो आणि वॉल्ट्झ अशा परस्परांपासून दूरच्या शैली एकाच संग्रहात आणल्या. त्यामुळे हा अल्बम रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या प्रयोगांपैकी एक ठरला.

बँड आणि पार्श्वभूमी

'द क्लॅश'ची स्थापना १९७६ मध्ये लंडन येथे झाली. गायक व गिटारवादक जो स्ट्रमर, गिटारवादक व गायक मिक जोन्स, बास गिटारवादक पॉल सिमोनन आणि ड्रमवादक टॉपर हेडन हे या बँडचे चार प्रमुख सदस्य. स्ट्रमर यांचे मूळ नाव जॉन ग्रॅहम मेलर. त्यांचा जन्म १९५२ मध्ये तुर्कस्तानातील अंकारा येथे झाला. ब्रिटिश परराष्ट्र सेवेत असलेले त्यांचे वडील रोनाल्ड मेलर यांचा जन्म मात्र लखनौचा. लंडनमधील वेस्ट इंडियन वस्त्यांतून ऐकू येणाऱ्या रेगे संगीताचा संस्कार या बँडवर आरंभापासून होता. १९७७ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्याची खूण दिसते.

डिसेंबर १९७९ मध्ये आलेल्या 'लंडन कॉलिंग' या दोन तबकड्यांच्या अल्बमने बँडला अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यानंतर जेमतेम वर्षभरात 'सँडिनिस्टा!' प्रसिद्ध झाला.

नामकरण

अल्बमचे नाव निकाराग्वातील सँडिनिस्टा राष्ट्रीय मुक्ती आघाडीवरून घेतलेले आहे. या आघाडीने जुलै १९७९ मध्ये अनास्तासिओ सोमोझा यांची राजवट उलथून टाकली होती. आघाडीचे नाव १९३४ मध्ये मारले गेलेले बंडखोर नेते ऑगस्तो सीझर सँडिनो यांच्या स्मरणार्थ ठेवलेले आहे. अल्बमचा ब्रिटिश सूची क्रमांकही 'एफएसएलएन १' असा होता. ही आघाडीच्या स्पॅनिश नावाची आद्याक्षरे होत. निकाराग्वातील घडामोडींविषयी फारसे ऐकून नसलेल्या असंख्य तरुण श्रोत्यांपर्यंत हा शब्द या तबकड्यांच्या वेष्टनावरून पोहोचला.

ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रणाचे काम १९८० मध्ये अनेक महिने चालले. मँचेस्टर येथील प्लूटो स्टुडिओ, जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील चॅनेल वन, न्यूयॉर्कमधील पॉवर स्टेशन व इलेक्ट्रिक लेडी आणि लंडनमधील वेसेक्स या ठिकाणी ते झाले. जमैकातील ते वर्ष निवडणूकपूर्व हिंसाचाराचे होते. तेथील तणावामुळे किंग्स्टनमधील मुक्काम बँडला लवकर आटोपता घ्यावा लागला. कामाचा मोठा भाग त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये पार पडला.

सिमोनन काही काळ एका चित्रपटाच्या चित्रीकरणात गुंतले होते. त्यांच्या अनुपस्थितीत 'ब्लॉकहेड्स' या बँडचे नॉर्मन वॉट-रॉय यांनी बास गिटार वाजवली; त्यांचेच सहकारी मिकी गॅलेगर यांनी कीबोर्डची बाजू सांभाळली. जमैकन संगीतकार मायकी ड्रेड यांनी डब रूपांतरांची जबाबदारी घेतली. तयार गाण्यातील गायन मागे सारून ढोल व बास पुढे आणायचे, त्यावर प्रतिध्वनींचे थर चढवायचे आणि ध्वनिमिश्रणाच्या टेबलावरच जणू नवी रचना घडवायची, हे डबचे तंत्र. अल्बमच्या सहाव्या बाजूवर त्याचा प्रभाव सर्वाधिक आहे.

संगीतातील वैविध्य

अल्बमचा आरंभ 'द मॅग्निफिसंट सेव्हन' या गाण्याने होतो. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा नव्यानेच ऐकू येऊ लागलेल्या रॅपचा त्यावर थेट प्रभाव आहे. वॉट-रॉय यांच्या बासच्या आवर्तनावर स्ट्रमर यांनी कामगाराच्या दिवसाचे उपरोधिक वर्णन रचले. रॉक बँडने केलेल्या रॅपच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत या गाण्याची गणना होते. त्याचे नृत्यरूपांतर न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएस या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या आकाशवाणी केंद्रावरून वाजू लागले, ही बाब बँडसाठी विशेष महत्त्वाची होती.

'हिट्सव्हिल यूके' या गाण्यात मोटाउनची धाटणी वापरून ब्रिटनमधील छोट्या स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपन्यांचा गौरव केला आहे. त्यात अमेरिकन गायिका एलन फोली यांचा स्वर आहे. 'द साउंड ऑफ द सिनर्स' गॉस्पेलच्या, 'रिबेल वॉल्ट्झ' वॉल्ट्झच्या, तर 'लेट्स गो क्रेझी' कॅलिप्सोच्या वळणाचे आहे. 'आयव्हन मीट्स जी. आय. जो' हे हेडन यांनी गायलेले डिस्को गीत शीतयुद्धाची थट्टा करते. 'लूज धिस स्किन'मध्ये स्ट्रमर यांचे जुने स्नेही टायमन डॉग यांचे गायन व व्हायोलिनवादन आहे. 'मेन्सफर्थ हिल' ही रचना तर 'समथिंग अबाउट इंग्लंड' या गाण्याची फीत उलटी फिरवून तयार करण्यात आली. बँडच्या पहिल्या अल्बममधील 'करिअर ऑपॉर्च्युनिटीज' हे बेरोजगारीवरील गाणे येथे गॅलेगर यांच्या लहान मुलांच्या आवाजात पुन्हा येते.

आशय

राजकीय भाष्य हा अल्बमचा कणा आहे. 'वॉशिंग्टन बुलेट्स'मध्ये निकाराग्वा, क्युबा आणि चिलीतील अमेरिकी हस्तक्षेपावर टीका आहे. १९७३ च्या लष्करी उठावानंतर मारले गेलेले चिलीचे गायक व्हिक्टर हारा यांचे स्मरण त्यात केले आहे. तथापि हेच गाणे अफगाणिस्तानातील सोव्हिएत कारवाई आणि तिबेटचा प्रश्न यांकडेही बोट दाखवते. १९८० मध्ये अमेरिकेने तरुणांची लष्करभरतीसाठीची नोंदणी पुन्हा सुरू केली. त्या पार्श्वभूमीवर 'द कॉल अप' हे गाणे आले.

किंमत आणि करार

तीन तबकड्यांचा हा संच जवळपास एका तबकडीच्या दरात विकला जावा, असा बँडचा आग्रह होता. कंपनीने तो मान्य केला. पण त्याच्या बदल्यात ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या पहिल्या दोन लाख प्रतींवरील रॉयल्टीवर बँडला पाणी सोडावे लागले. आधीच कर्जाखाली असलेल्या बँडसाठी ही किंमत लहान नव्हती. श्रोत्याच्या खिशाला परवडणारे संगीत हे पंक चळवळीचे तत्त्व होते. येथे त्याची भरपाई कलाकारांनी स्वतःच्या उत्पन्नातून केली. रचनांचे श्रेय यापूर्वी बहुतांशी स्ट्रमर व जोन्स यांच्या नावे असे. या वेळी ते 'द क्लॅश' या सामूहिक नावाने देण्यात आले.

स्वागत

अल्बमविषयी समीक्षकांत आरंभापासून दोन तट पडले. ब्रिटनमधील अनेकांना तो पसरट आणि शिस्त हरवलेला वाटला. एका तबकडीत मावेल एवढीच उत्तम सामग्री तीन तबकड्यांत ताणली आहे, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत घेतला जातो. अमेरिकेत मात्र त्याचे उत्साहाने स्वागत झाले. 'रोलिंग स्टोन'ने त्याला पाच तारे दिले आणि 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या १९८१ च्या कौलात तो सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला. ब्रिटनच्या विक्रीसूचीत तो १९ व्या, तर अमेरिकेत २४ व्या स्थानापर्यंत पोहोचला.

शैलींचे हे मिश्रण रंगमंचावर सहज स्वीकारले गेले नाही. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील 'बाँड्स' येथे बँडने सतरा कार्यक्रम केले. त्यात आरंभी हिप-हॉप कलाकार ग्रँडमास्टर फ्लॅश यांना पाचारण करण्यात आले, तेव्हा रॉकच्या श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली.

नंतरचा काळ

पुढील अल्बम 'कॉम्बॅट रॉक' (१९८२) हा एकाच तबकडीचा होता. जोन्स यांनी त्याचा दीर्घ आराखडा तयार केला होता. परंतु निर्माते ग्लिन जॉन्स यांच्याकडून तो आटोपशीर करून घेण्यात आला. व्यावसायिकदृष्ट्या हाच बँडचा सर्वात यशस्वी अल्बम ठरला. त्यातील 'स्ट्रेट टू हेल' या गाण्याचा सांगीतिक तुकडा एम. आय. ए. यांनी 'पेपर प्लेन्स'मध्ये वापरला आणि ते गाणे 'स्लमडॉग मिलियनेअर' (२००८) या मुंबईत घडणाऱ्या चित्रपटातून जगभर पोहोचले.

हेडन यांना १९८२ मध्ये, तर जोन्स यांना १९८३ मध्ये बँडमधून दूर करण्यात आले. १९८६ मध्ये बँड संपुष्टात आला. स्ट्रमर यांचे २२ डिसेंबर २००२ रोजी निधन झाले. पुढील वर्षी 'द क्लॅश'चा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. आज रॉक, रॅप आणि रेगे एकाच गाण्यात ऐकू येणे नवलाचे राहिलेले नाही. १९८० मध्ये मात्र या तिन्ही प्रकारांचे श्रोते, आकाशवाणी केंद्रे आणि दुकानांतील कप्पेही वेगवेगळे होते. 'सँडिनिस्टा!'चे मूल्यमापन त्याच्या लांबीबरोबरच या वस्तुस्थितीच्या संदर्भात केले जाते.