बऱ्या झालेल्या जखमेचे पदक

चेन्नईत युद्धात पडलेल्यांची आठवण जागोजागी जपलेली आहे. मरीनाच्या उत्तर टोकाला पहिल्या महायुद्धानंतरचे विजय युद्ध स्मारक आहे. नंदंबाक्कमच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या साडेआठशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. सेंट थॉमस माउंटला अधिकारी प्रशिक्षण अकादमीचे संचलन मैदान मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबईत जन्मलेले, याच संस्थेत घडलेले आणि ८ महार पलटणीत लढलेले हे मेजर २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागूनही लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

जखमी होऊन जगलेल्यांच्या नावांचा दगड मात्र या शहरात माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्यासाठी आहे ते एक पदक, आणि तेही पुष्कळांना अर्ज करून मागावे लागते.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावतात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण परतले नाहीत, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. किती जण जखमी होऊन घरी आले, ते कुठेच कोरलेले नाही. लष्करी परिचर्या सेवेत भरती झाले तेव्हा हा विचार मनात नव्हता. तो मद्रासच्या लष्करी रुग्णालयाने दिला.

२९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना बेटावर उतरली. ऑक्टोबरमध्ये तमिळ बंडखोरांविरुद्ध ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले. मग जाफन्याजवळच्या पलाली तळावरून विमाने जखमींना घेऊन मद्रासला येऊ लागली. गोळीच्या जखमा होत्याच, पण आमचा खरा सामना सुरुंगांशी होता. रस्त्याखाली पुरलेला सुरुंग फुटला की लोखंडाबरोबर खडी, माती आणि बुटाचे, कपड्याचे तुकडे मांसात घुसतात. अशी जखम लगेच शिवत नाहीत. मेलेले मांस कापून, धुऊन ती उघडी ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तरच टाके घालतात. ते ड्रेसिंग बदलताना सांगली-साताऱ्याची, विदर्भाची पोरे मराठी ऐकून माझा हात धरून ठेवायची. अडीच-तीन वर्षांच्या त्या मोहिमेत अकराशेहून अधिक सैनिक गेले. जखमींची संख्या त्याच्या अडीचपटीहून जास्त होती.

ज्यांचे पाय गेले ते पुण्याला जात. तिथले कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासूनचे. त्यांचे मेडिकल बोर्ड होई, अपंगत्वाची टक्केवारी ठरे, जाडजूड फाइल तयार होई. ज्यांच्या जखमा भरून येत ते रजा संपवून पलटणीत हजर होत. त्यांच्याजवळ रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप तेवढी असे. आम्हाला त्यांचा आनंद वाटे. आज कागदाच्या बाबतीत सर्वांत उपाशी राहिलेले हेच लोक आहेत.

जखमेची दखल घेण्याची रीत तशी फार जुनी नाही. १९१४ मध्ये मद्रास इलाख्याने लोकवर्गणीतून ‘मद्रास’ नावाचे रुग्णालय-जहाज सज्ज केले आणि त्याने युद्धभर जखमींची ने-आण केली. शुश्रूषा होती, पण जखमेची खूण अंगावर मिरवण्याची सोय नव्हती. १९१६ मध्ये ब्रिटिश सैन्याने बाहीवर सोनेरी पट्टी लावायला परवानगी दिली: जितक्या वेळा जखमी, तितक्या पट्ट्या. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२ मध्ये गुणवत्तेसाठी सुरू केलेले चिन्ह १९३२ मध्ये ‘पर्पल हार्ट’ म्हणून पुन्हा आले आणि पुढे शत्रूच्या हातून जखमी झालेल्यांची ओळख बनले.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर काश्मीर, १९६२, १९६५ आणि १९७१ अशी युद्धे झाली, तोवर असे पदकच नव्हते. १९६५ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे तरुण अधिकारी विजय ओबेरॉय यांनी पाय गमावला. कृत्रिम पायावर ते लष्कराच्या उपप्रमुखपदापर्यंत पोहोचले. त्याच युद्धात सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांना गोळ्या लागल्या. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. जखमेसाठीचे पदक त्यानंतर, १९७३ मध्ये आले. आज आपण त्याला पराक्रम पदक म्हणतो. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा. अट एकच: जखम प्रत्यक्ष शत्रूच्या कारवाईने झालेली असावी. गाडी उलटून हाड मोडले तर ते मिळत नाही; त्याच गाडीखाली शत्रूचा सुरुंग फुटला तर मिळते. वीर चक्राला असतो तसा मासिक भत्ता याला नाही.

मागच्या वर्षी एक निवृत्त हवालदार माझ्याकडे आले. गाव कराडकडचे. मुलगा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नोकरीला, म्हणून मुक्काम चेन्नईत. १९८८ मध्ये जाफना भागात गस्तीवर असताना सुरुंग फुटला. मांडीत आणि उजव्या दंडात लोखंडाचे तुकडे. मद्रासला शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, ते परत श्रीलंकेत गेले आणि पूर्ण सेवा करून घरी आले. मोहिमेचे सेवापदक त्यांच्याकडे आहे. जखमेचे नाही. मांडीतला एक तुकडा अजून एक्स-रेत दिसतो.

“सिस्टर, पैशासाठी न्हाई म्हणत मी,” ते म्हणाले. “नातू इचारतो, आबा, हे कुठं लागलं? सांगितलं. म्हनतो, मग ह्याचं मेडल कुठाय?”

त्यांच्या अर्जाला आलेले उत्तर छोटे होते: सेवापत्रकात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ची नोंद नाही, म्हणून पदक देय नाही.

ही नोंद कशी होते ते सांगायला हवे. जवान जखमी झाला की पलटण बिनतारी संदेश पाठवते. त्यावरून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी आदेश निघतो आणि त्यावरून अभिलेख कार्यालयातल्या शीट रोलवर, म्हणजे सेवापत्रकावर ओळ चढते. यातला एक दुवा तुटला तर जखम अंगावर राहते, कागदावरून जाते. आणि तेव्हा श्रीलंकेत पलटणी रोज जागा बदलत होत्या, लढत होत्या. जखमी पंधरवड्यात बरा होऊन परत आला, तर मागे राहिलेली ती ऑर्डर कोण काढणार?

आम्ही बसून अर्ज नव्याने लिहिला. जखमेची तारीख, जागा, वेळ, गस्तीचे नेतृत्व करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव. डिस्चार्ज स्लिप त्यांनी प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवली होती. तिच्यावर ‘सुरुंगस्फोटाची जखम’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. त्या काळच्या कंपनी कमांडरचे प्रमाणपत्र मिळवले, नवा एक्स-रे जोडला, पलटणीच्या युद्ध-दैनंदिनीतली त्या दिवसाची नोंद पाहावी अशी विनंती केली. अर्ज अभिलेख कार्यालयाकडे गेला आहे. तिथे न्याय झाला नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ चेन्नईतच आहे.

कोणी म्हणेल, इतक्या वर्षांनी एका फितीसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यांना मी २४ मार्च १९९० ची आठवण करून देते. शांतिसेनेची शेवटची तुकडी त्या दिवशी श्रीलंकेहून निघाली आणि जहाजाने मद्रासला आली. तमिळांवर शस्त्र चालवणाऱ्या सैन्याचे स्वागत करणार नाही, अशी मुख्यमंत्री करुणानिधी यांची भूमिका होती. ते बंदरावर गेले नाहीत. त्या राजकारणाचा निवाडा मी करत नाही. पण जे सैनिक हुकूम मिळाला म्हणून गेले आणि रक्त सांडून आले, त्यांच्या वाट्याला ना मिरवणूक आली ना सत्कार. सरकारने स्वतःच्या नियमाने देऊ केलेले एक पदक तरी त्यांच्या हातात पडावे.

माझे मत स्पष्ट आहे. शौर्यपदकासाठी शिफारस लागते, निवड होते. जखमेचे पदक हा हक्क आहे. हक्काची नोंद ठेवणे हे सैन्याचे काम आहे. तिच्या अभावाची शिक्षा जवानाला होता कामा नये. रुग्णालयांची भरती-रजिस्टरे आणि अभिलेख कार्यालयांची सेवापत्रके एकदा शेजारी ठेवून तपासली, तर पुष्कळ नावे अर्ज न करताही सापडतील. हे काम लवकर व्हायला हवे, कारण पेन्शनला पात्र न ठरलेल्या जवानांची कागदपत्रे नियमाने २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात.

तुमच्या घरात, गावात असा कोणी असेल, तर त्यांची ट्रंक उघडा. डिस्चार्ज स्लिप, जुनी पत्रे, एक्स-रे काढा, छायाप्रती करा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. बरोबरचे साक्षीदार हयात आहेत तोवर त्यांची प्रमाणपत्रे घ्या. अर्ज लिहायला मदत लागली, तर निवृत्त सिस्टर आणि सुभेदार प्रत्येक शहरात आहेत. आम्हाला विचारा.