कोणाचे कोणावाचून अडते?

निसर्गात सगळे सगळ्याशी जोडलेले आहे, हे वाक्य आता शाळांच्या भिंतींवरही रंगवलेले असते. ते खोटे नाही, पण तेवढ्यावर थांबले तर हाती काही लागत नाही. कशाने जोडलेले? किती घट्ट? एक बाजू नाहीशी झाली तर दुसरी लगेच कोलमडते, दोन पिढ्यांनी कोलमडते, की तिचे काहीच अडत नाही? एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६ साली इकॉलॉजी हे नाव योजले. आपण तिला परिसंस्थाशास्त्र म्हणतो. या शास्त्राचा खरा उद्योग असल्या चिकट प्रश्नांचा आहे. त्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला मी आधी सिद्धांत न सांगता उंबराखाली नेईन.

ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो ती शेकडो बारीक फुले आत दडवलेली एक बंद पोकळी असते. टोकाला खवल्यांनी झाकलेले एक छिद्र, तेवढीच वाट. पिकलेले उंबर फोडले की जी केंबरे उडतात, त्यांतल्या एका जातीची मादी या छिद्रातून अंग रेटत आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात, त्यामुळे परतीचा प्रश्नच उरत नाही. छातीवरच्या खोबणींत तिने दुसऱ्या झाडाचे परागकण भरून आणलेले असतात. ते ती फुलांवर घालते आणि काही फुलांत अंडी घालते. अंडे पडलेल्या फुलात अळी वाढते, उरलेल्यांत बी धरते. काही आठवड्यांनी पंख नसलेले नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीतून बोगदा कोरतात आणि मरतात. माद्या परागकण भरून घेतात आणि त्या बोगद्यातून निघतात. उंबराला दुसरा परागवाहक नाही आणि या केंबरांना वाढायला दुसरे घर नाही.

बाहेर पडलेल्या मादीजवळ वेळ असतो एक-दोन दिवसांचा. एका झाडावरची फळे साधारण एकाच वेळी तयार होत असल्याने तिला आत घेणारे कोवळे उंबर बहुधा त्याच झाडावर नसते. ते वासावरून शोधायचे, दुसऱ्या झाडावर, वाऱ्याच्या भरवशावर. उंबराच्या जवळच्या नात्यातल्या एका आफ्रिकी झाडाचे परागकण नामिबच्या वाळवंटात अशा कीटकांनी १६० किलोमीटरपर्यंत नेल्याचे संशोधकांना आढळले आहे. तरीही पंचक्रोशीत पुरेशी झाडे हवीत आणि त्यांचे बहर मागेपुढे हवेत, नाहीतर ही साखळी तुटते. रस्ता रुंद करताना एक उंबर गेला तर एकच झाड गेले असे कागदावर दिसते. केंबरांच्या हिशेबात वर्षाच्या वेळापत्रकातली एक जागा रिकामी झालेली असते.

या मागेपुढे बहरण्याचा लाभ मात्र भलत्यांनाच होतो. प्रत्येकाची आपापली केंबरे जगावीत म्हणून कुठे ना कुठे, कोणत्या ना कोणत्या महिन्यात उंबर, वड, पिंपरी फळलेली असावी लागतात. त्यामुळे रानातली इतर फळे संपली तरी हरियाल, तांबट, धनेश, शेकरू, वटवाघळे, उदमांजर यांची पंगत चालू राहते. अमेझॉनच्या जंगलातल्या अनुभवावरून जॉन टेरबर्ग या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये अशा वृक्षांना जंगलाचा आधार मानले, ते याच कारणाने. इथे एक फरक नीट पाहावा. केंबरांचे उंबरावाचून कायमच अडते. धनेशाचे एरवी अडत नाही, टंचाईच्या महिन्यांत अडते. दोन्ही अवलंबनेच, पण एकाच वजनाने तोलली की अभ्यास चुकतो.

(उंबरात फुकटेही आहेत. काही जातींचे कीटक बाहेरूनच फळात अंडनलिका खुपसून अंडी घालतात आणि परागीभवनाला हातभार लावत नाहीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरातल्या या सगळ्या गोतावळ्याचा आणि फांद्यांवर फिरणाऱ्या मुंग्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे. सलोख्याचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्यांनी ते काम जरूर वाचावे.)

कोणता धागा मोलाचा हे नुसते पाहून कळत नाही. रॉबर्ट पेन या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९६३ पासून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका खडकाळ पट्टीतून तारामासे उचलून फेकायला सुरुवात केली. शिंपल्यांच्या एका जातीने जागा बळकावली आणि तिथल्या १५ जातींच्या ८ उरल्या. आपल्याकडे असा प्रयोग नकळत झाला. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९० च्या दशकात तीन जातींची गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. कारण २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गुरांच्या डॉक्टरांच्या बॅगेतली बाटली आणि मुंबईतला पारशी समाज मृतदेह गिधाडांसाठी ठेवतो त्या दोखम्यावरचे रिकामे आकाश यांच्यातला धागा तोवर कोणाच्याच आराखड्यात नव्हता.

हवा-पाण्याचा उल्लेख उशिरा आला, पण तो कमी महत्त्वाचा नाही. सिंगापूरमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तापमान काही अंशांनी वाढताच उंबराच्या कुळातल्या झाडांच्या परागवाहक कीटकांचे आयुष्य बरेच घटले. ज्याच्या हाती एक-दोन दिवस आहेत त्याचे काही तास कमी झाले, तर दोन झाडांमधले तेच अंतर त्याला अधिक लांब होते.

सुरुवात करू इच्छिणाऱ्याने दत्ताच्या देवळाजवळचा किंवा ओढ्याकाठचा एक उंबर धरावा. श्रद्धेपोटी कुऱ्हाड न लागलेली जुनी झाडे अशाच ठिकाणी सापडतात. दर आठवड्याला फळे कोवळी, तयार की गळती हे लिहावे. कोण आले, किती वेळ खाल्ले तेही. ज्या दिवशी कोणी आले नाही तो दिवसही वहीत हवा, कारण नंतर आकडेमोड करताना त्या नोंदीची उणीव सर्वांत जास्त जाणवते. सोबतीला शेजारच्या गावातल्या दुसऱ्या उंबराच्या नोंदी ठेवणारा कोणी मिळाला तर पहिल्याच वर्षी तुमच्याजवळ विचारण्याजोगा प्रश्न तयार होईल: दोन्ही झाडांचे बहर किती दिवसांनी चुकतात, आणि त्या वेळी मधल्या शिवारात तिसरे झाड आहे का?