मोराचा डोळा आणि भोकांचे पुठ्ठे

मागच्या आठवड्यात ऑफिसात चहा पिताना वाद झाला. पंचकार्डं पहिल्यांदा कुठे वापरली? कोणी म्हणालं आयबीएम, कोणी बॅबेज. मी म्हणालो, "मागावर." सगळे हसले. सोलापूरचा माणूस चादरीशिवाय दुसरं काय बोलणार! म्हणून हा वीकेंडचा प्रपंच :-)

लहानपणी अशोक चौकाजवळ एका मित्राकडे खेळायला जायचो. पुढे घर, मागे शेडमध्ये यंत्रमाग. मागाच्या डोक्यावर जेकार्डचा सांगाडा आणि त्यावरून लोंबणारी पुठ्ठ्यांची माळ. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि तिचा आकडा उभा धागा वर उचलतो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो, धागा खालीच राहतो. मधून धोटा पळतो, की पुढचा पुठ्ठा. एक आणि शून्य, बस्स.

ही करामत फ्रान्समधल्या लिऑं शहरातली. 1725 मध्ये बुशोंने भोकं पाडलेला कागद वापरला, फाल्कनने पुठ्ठे आणले, आणि 1804 च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने हे सगळं जमवून चालणारं यंत्र केलं. त्याआधी नक्षीसाठी एक पोऱ्या मागाशेजारी दोऱ्या ओढत असे. त्याचं काम पुठ्ठ्यांनी घेतलं. पुढे बॅबेजने आपल्या यंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली, आणि अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत हॉलेरिथने भोकांची कार्डं मोजणीला लावली. त्याची कंपनी ज्या कंपन्यांत मिसळली, त्यातूनच आयबीएम झाली. म्हणजे ऑफिसातले लोक अगदीच चुकले नव्हते.

आमच्याकडे 1877 मध्ये जुनी गिरणी आली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. त्यांचे भोंगे कधीच थांबले. पण तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात घराघरात माग घातले, आणि सोलापुरी चादर त्यांच्या शेडमध्ये टिकली.

एकदा मित्राच्या शेडमध्ये मोराच्या चादरी निघत होत्या आणि एकाही मोराला डोळा नव्हता! काकांनी माग थांबवला, पुठ्ठे मोजत मोजत एक बाहेर काढला आणि पुठ्ठे पाडणाऱ्या मामांना बोलावलं. मामांनी चौकटीच्या कागदावरचं चित्र बघितलं, बोट ठेवलं आणि एक भोक पाडलं. पुढच्या चादरीत मोर टकामका बघायला लागला. मी बघितलेलं हे पहिलं डिबगिंग.

आता मोठ्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहे. डिझाइन कॉम्प्युटरवर होतं, तिथून थेट मागावर जातं. पुठ्ठेच नाहीत, तर पाडणार काय? मामांनी शेवटी किराणा दुकानात नोकरी धरली. डिझाइन कॉम्प्युटरवर गेलं, मामा नाही गेले. त्यांना कोणी शिकवलंच नाही. मोराचा डोळा नेमका कुठल्या धाग्यावर येतो हे त्यांना पाठ होतं, तरीही.

हल्ली माझा अर्धा कोड एआय लिहितो आणि मी तपासतो. परवा त्याची एक चूक पकडली आणि मनात आलं, अजून तरी डोळा कुठे हवा ते मला कळतंय. पण मामांनाही कळत होतं ना!

असो. पुढच्या खेपेला सोलापूरला गेलो की आधी मामांना भेटणार आहे.